दिवसा इथे कोणी नसतं

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा बाबांनी घर विकून आमच्याकडे यायचा विषय काढला आणि मी ‘बघू’ म्हणून वेळ मारून नेली. फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता, त्यात माझं म्हणणं राहूनच जातं. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

तुम्ही या, असंच मला वाटतं. पण तुम्ही दोघांनी मनात जे गाव धरलं आहे, ते इथे नाही. खिडकीतून शेतं दिसतात, पहाटे कोंबडा आरवतो, रात्री बेडूक ओरडतात, हे सगळं खरं. पण शेती करणारी घरं थोडी. बाकी आम्ही सगळे अप-डाउनवाले, पोटापाण्याला शहरात आणि झोपायला इथे. उजाडायच्या आधी एकेक गाडी बाहेर पडते आणि दिवे लागेपर्यंत परतत नाही. मधे काही दिवस घरून काम करायची मुभा मिळाली, तोवर मलाही आपल्या वस्तीतली भर दुपार कशी असते ते माहीत नव्हतं. बाहेर पडलं तर दिसतो तो कुरिअरवाला, लांबवर एखादा ट्रॅक्टर आणि फाटकाआडची कुत्री. बस. आई, तू गॅलरीत उभी राहिलीस की खालून कोणीतरी हाक मारतंच ना, तसं इथे होणार नाही.

माणसं वाईट नाहीत, दमलेली आहेत. रॉबर्ट पुटनम नावाच्या अमेरिकी अभ्यासकाने 2000 साली एक अंदाज मांडला होता: रोजच्या प्रवासात दहा मिनिटं वाढली की माणसाचा आजूबाजूच्या सार्वजनिक कामांतला सहभाग साधारण दहा टक्क्यांनी घटतो. आकडा सोडून देऊ, पण आमच्या गल्लीला तो बरोबर लागू पडतो. व्हॉट्सॲपवर मात्र सगळे हजर. वीज गेली, कुत्रं हरवलं, वळणावर जनावर आडवं आलं, की पाच मिनिटांत निरोप फिरतो. वादळात रस्त्यावर झाड पडलं तेव्हा जो तो करवत, दोर घेऊन बाहेर आला. ती रात्र फार छान गेली, खरं सांगते. पुढच्या आठवड्यात त्यातल्या निम्म्या लोकांची तोंडंही दिसली नाहीत.

बाबा विचारतात, मग एवढ्या लांब राहता कशाला? ऐसपैस जागा, उजेड, पोरीला धावायला अंगण. शहरात हे आम्हाला परवडलं नसतं. चेझारे मार्केटी या इटालियन शास्त्रज्ञाचं 1994 सालचं म्हणणं बाबांना आवडेल. माणूस कुठल्याही काळातला असो, जाण्यायेण्यात दिवसाचा सरासरी तासभर घालवतो. वाहनं वेगवान झाली की वाचलेल्या वेळात घरी न बसता तो आणखी लांब राहायला जातो. आम्ही तर तो तासही केव्हाच ओलांडला. ब्रूनो फ्राय आणि आलोइस श्टुट्झर या अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतली माहिती तपासून 2008 मध्ये दाखवलं की लांबून ये-जा करणारे आयुष्याबद्दल कमी समाधानी असतात, म्हणजे मोठं घर किंवा जास्तीचा पगार त्या प्रवासाची पुरती भरपाई करत नाही. हे आम्ही दोघांनी रात्री वाचलं, हसलो, आणि सकाळचा गजर लावून झोपलो.

आता तुमच्या कामाचं. इथलं सगळं गाडीवर चालतं. बस आहे, पण ती नोकरदारांच्या वेळेला; दुपारी डॉक्टरकडे जायचं तर तिचा उपयोग शून्य. कडेला फुटपाथ नाही, दिवे नाहीत, आणि घरी पोचायच्या घाईतले लोक गाड्या दामटतात. वीस किलोमीटरला साठच्या जागी ऐंशीच्या वेगाने गेलं तर वाचतात फक्त पाच मिनिटं, पण हा हिशोब कोणी करत नाही. संध्याकाळचं फिरणं म्हणजे आपल्याच अंगणात फेऱ्या. बाबा आज गाडी चालवतात. समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात असं आईकडून कळलं, आणि इथला रस्ता रात्री पूर्ण काळोखाचा. बाबांनी गाडी सोडली त्या दिवसापासून साध्या औषधाच्या गोळीलाही तुम्ही आमच्यावर अवलंबून. हे तुम्हाला किती लागेल ते मला ठाऊक आहे, म्हणून आधीच बोलते.

आणि बाबांचं हृदय. रागावू नका. हृदय अचानक थांबलं आणि कोणी छाती दाबायला किंवा शॉक द्यायला नसलं, तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटते. अॅम्ब्युलन्स इथे येतेच, पण तिला अंतर कापावं लागतं. शेजारचं घर दिवसा कुलूपबंद. आम्ही दोघांनी छाती दाबायचं प्रशिक्षण घेतलं आहे. आईनेही घ्यावं, पण दुपारी घरी आई एकटीच असेल, हा मुद्दा त्याने सुटत नाही.

घराचीही एक शिस्त आहे. पाणी आपल्याच विहिरीचं. वीज गेली की पंप बंद, आणि नळाला थेंब नाही, म्हणून बादल्या कायम भरलेल्या. शेतातली खतं झिरपतात, त्यामुळे वर्षातून एकदा पाणी तपासून घेतो. सांडपाणी सेप्टिक टँकमध्ये जातं. तीन ते पाच वर्षांनी टाकी उपसायची, एरवी तिच्यात तेल, कापूस, फिनेलचा मारा काही चालत नाही. आई, तुझी दर रविवारची फिनेलची बादली इथे बंद!

शेतावर खत पडलं की दोन-चार दिवस खिडक्या लावून बसायचं. कापणीत रात्रीही यंत्रं घरघरत असतात. नव्याने आलेले लोक याच्या तक्रारी करतात, तेव्हा मी शेतकऱ्याच्या बाजूने. फ्रान्समध्ये मोरिस नावाच्या एका कोंबड्याच्या आरवण्यावरून सुट्टीच्या घरात येणाऱ्या शेजाऱ्यांनी कोर्ट गाठलं होतं. 2019 मध्ये निकाल कोंबड्याच्या बाजूने लागला, आणि 2021 मध्ये खेड्यातल्या आवाजांना आणि वासांना वारसा मानणारा कायदाच तिथे झाला. त्याआधी, 1960च्या दशकात, रे पाल या समाजशास्त्रज्ञाने लंडनजवळच्या हर्टफर्डशरमधल्या गावांचा अभ्यास केला होता. शहरातून आलेली माणसं मनातलं गाव शोधत येतात आणि त्यांच्या येण्याने असलेलं गाव पालटतं, असं त्याचं निरीक्षण. आम्हीही त्यातलेच, आणि तुम्ही आलात तर तुम्हीही.

एक गोष्ट मात्र बाबांसाठीच राखून ठेवली होती. 2016च्या एका जागतिक नकाशाप्रमाणे जगातल्या एक तृतीयांशाहून जास्त लोकांना दिव्यांच्या झगमगाटामुळे राहत्या जागेवरून आकाशगंगा दिसत नाही. आमच्या अंगणातून दिसते. नातीला मृग आणि कृत्तिका मी दाखवल्या, पण व्याध कुठे शोधायचा हे तुमच्यासारखं समजावता येत नाही. तिला दुपारी शाळेतून आल्यावर घरात माणूस हवं आहे, हेही खरंच. तुम्ही आलात तर या वस्तीला दुपार मिळेल. पण एका पोरीची सोबत आणि आकाश यावर तुमचे सगळे दिवस निघतील का, हे मला ठरवता येणार नाही.

तेव्हा माझं म्हणणं असं. घर विकायचं नाही, भाड्यानेही द्यायचं नाही. आधी दोन महिने राहायला या, आणि सुट्टीत नको, ऐन पावसात या. तेव्हा आम्ही कामावर असतो, वीज जाते, रस्ता तुंबतो. जे काही त्रासाचं आहे ते सगळं एकदम कळेल. निदान एक आठवडा बाबांनी गाडीची किल्ली माझ्याकडे द्यायची आणि गाडी नसल्यासारखं राहून बघायचं. आईला जमलं तरच पुढचं बोलू. नाही जमलं, तर शहरात तुमच्या जवळ यायचं का, हा विचार आम्ही दोघांनीही सुरू केला आहे. घर लहान मिळेल, चालेल.

येण्याआधी बाबांच्या डोळ्यांची तपासणी करून घ्या, आणि डॉक्टरांना रात्री गाडी चालवण्याबद्दल स्पष्ट विचारा. आई, तू सोबत जा. बाबा घरी येऊन अर्धंच सांगतात.

तुमची,
ताई