कृष्णधवल म्हणजे रंग पुसणे नव्हे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गोदाघाटाची कृष्णधवल छायाचित्रे हल्ली पुष्कळ दिसतात, पण बरीचशी करडी, मळकट असतात. दोष कॅमेऱ्याचा नाही. रंगीत फोटोतले रंग एका फटक्यात काढून टाकले की शेंदरी मारुती आणि त्याच्या गळ्यातली रुईच्या पानांची माळ जवळजवळ एकाच छटेत येतात. माळ दिसेनाशीच होते.

कॅमेरा 'रॉ'वर (सेन्सरने टिपलेली सगळी माहिती जपणारी फाइल) ठेवून पिक्चर स्टाइल, म्हणजे चित्राच्या रूपाची सेटिंग, 'मोनोक्रोम' (कृष्णधवल) करावी. पडद्यावर कृष्णधवल दिसते आणि रॉ फाइलमध्ये रंग शाबूत राहतात. नुसत्या जेपेगमध्ये (कॅमेऱ्यानेच तयार केलेली नेहमीची फोटो फाइल) घेतले तर रंग कायमचे गेले. मग संगणकावर रॉ फाइल कृष्णधवल करताना त्या त्या रंगाची छटा उजळ-गडद करणाऱ्या सरकपट्ट्यांपैकी (स्लायडर) नारिंगी स्लायडर वर, हिरवा खाली. शेंदूर उजळतो, पाने गडद होतात. निळा मात्र जपून. आकाश काळे करण्याच्या नादात तो फार ओढला की आकाशात दाणे उठतात, कळसाभोवती पांढरी कड येते.

काळाराम मंदिराचा काळा दगड तर परीक्षाच घेतो! चौकटभर दगड असला की कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर त्याला मध्यम करडा समजून जादा प्रकाश घेतो आणि दगड राखेसारखा दिसतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेला प्रकाश कमी-जास्त करण्याची सोय) उणे 1 करून हिस्टोग्राम, म्हणजे काळ्या-पांढऱ्या छटांचा आलेख, पाहावा. ऊन सकाळचे, तिरपे हवे. दगडाचा पोत त्यातच उठतो.

मोठी प्रत काढण्याआधी 4 बाय 6 इंचांची चाचणी प्रत मागावी. रंगीत फोटोंच्या कागदावर कृष्णधवल प्रत काढली की कधी हिरवट, कधी जांभळट झाक येते, ती पडद्यावर कळत नाही.

— एक वाचक, पंचवटी, नाशिक