चिमुकल्या बुरुजातले पंतप्रधान

महोदय,
नेत्यांच्या नव्या दालनांच्या बातम्या वाचताना नेदरलँड्समधल्या द हेग शहरातला बुरूज हटकून आठवतो. हॉफवायव्हर तलावाच्या पाण्याला लागून उभा असलेला हा अष्टकोनी बुरूज १४व्या शतकातला. त्याचे नाव ‘टोरेंत्ये’, म्हणजे चिमुकला बुरूज. पंतप्रधान रुड लुबर्स यांनी १९८२ साली तिथे बैठक मांडली, तेव्हापासून ते डच पंतप्रधानांचे कार्यालय. शेजारीच माउरित्सहाउस संग्रहालय. तिथे चित्रकार व्हर्मीरचे ‘मोत्याच्या कर्णभूषणातली मुलगी’ हे चित्र पाहून बाहेर पडलो, तर चार पावलांवर सरकारप्रमुखाची खिडकी! खोलीही बेताचीच. आघाडीतले पक्षनेते इथे खलबते करायचे, त्यासाठी डच भाषेत ‘टोरेंत्ये-बैठक’ असा शब्दच रुळला आहे. माजी पंतप्रधान मार्क रुटे तर बरेचदा सायकलवरून कामावर यायचे.

अर्थात तिथेही सगळे आलबेल नाही. बुरूज ज्या बिनेनहॉफ या संसदेच्या संकुलात आहे, त्याची दुरुस्ती २०२१ मध्ये सुरू झाली आणि पंतप्रधानांना काट्सहाउस या सरकारी निवासस्थानी कार्यालय हलवावे लागले. सुमारे साडेसत्तेचाळीस कोटी युरोंचा मूळ अंदाज आता २०० कोटींच्या पुढे गेला आहे. जुने घर दुरुस्तीला काढले की काय होते, हे आपल्याला कुणी सांगायला नको! तरीही जुनी वास्तू पाडून नवी उभारण्याऐवजी तीच जपून वापरायची, हा हट्ट मला पटतो.

– एक वाचक, पुणे