बर्लिनच्या नकाशाबाबत तक्रार: पाकिटावर १:१०,०००, कागदावर १:१५,०००

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : बर्लिन शहराच्या घडीच्या नकाशातील चुका आणि रक्कम परत मिळण्याबाबत

महोदय/महोदया,

आपल्याकडून मागवलेल्या बर्लिनच्या घडीच्या नकाशाच्या ६ प्रती मिळाल्या. पावती आणि फोटो सोबत जोडले आहेत. पाकिटावर तीन गोष्टी ठळक अक्षरांत आहेत : प्रमाण १:१०,०००, '२०२४ आवृत्ती' आणि 'रस्त्यांची संपूर्ण सूची'. तिन्हींपैकी एकही खरी नाही.

आधी प्रमाण. ब्रांडनबुर्ग दरवाजापासून विजयस्तंभापर्यंतचा रस्ता नाकासमोर सरळ जातो, त्यामुळे पडताळायला सोयीचा. अंतर साधारण १.९ किमी. १:१०,००० म्हणजे कागदावरच्या १ सेंमीला जमिनीवर १०० मीटर. तेव्हा हा रस्ता १९ सेंमीच्या आसपास भरायला हवा. पट्टी लावून पाहा, जेमतेम साडेबारा भरतो. म्हणजे नकाशा १:१५,००० चा आहे. मूळ काम १:१०,००० साठी केलेलं, कागदावर मावेना म्हणून दोन-तृतीयांश करून बसवलेलं आणि कोपऱ्यातला आकडा बदलायचा राहिलेला, असं स्पष्ट दिसतं. अंकप्रमाणाशेजारी रेषाप्रमाण (अंतराच्या खुणांची पट्टी) छापलं असतं, तर नकाशासोबत तेही आक्रसलं असतं आणि खरं राहिलं असतं. शाळेच्या भूगोलातली गोष्ट आहे ही! आता ८ सेंमी पाहून ८०० मीटर समजून निघालेला माणूस १,२०० मीटर चालणार. अक्षरंही त्याच मापात बारीक झाली आहेत. गल्ल्यांची नावं दिवसा उजेडी कशीबशी लागतात, रस्त्यावरच्या दिव्याखाली अजिबात नाही.

आवृत्तीचं म्हणाल, तर टेगेल विमानतळावर अजून विमानाचं चिन्ह आहे. तो नोव्हेंबर २०२० मध्ये बंद झाला. मेट्रोची ऊ-५ मार्गिका आलेक्झांडरप्लाट्झला संपवली आहे. ती डिसेंबर २०२० पासून थेट मुख्य रेल्वे स्थानकापर्यंत जाते. त्याच वेळी बंद झालेलं फ्रान्झोझिशं श्ट्रासं स्थानक नकाशात आहे आणि त्याऐवजी सुरू झालेलं उंटर डेन लिंडेन नाही. थोडक्यात, माहिती २०२० च्या आधीची आणि साल छपाईचं. ग्राहकाला छपाईचं साल नको असतं, माहिती कधीपर्यंतची ते हवं असतं.

मेट्रो-रेल्वेच्या तिकीटभाड्याच्या विभागांच्या सीमा तर दाखवलेल्याच नाहीत. रिंगबान या गोल रेल्वेमार्गाच्या आत 'ए', तिथून शहराच्या हद्दीपर्यंत 'बी' आणि त्यापलीकडे 'सी'. नवा विमानतळ 'सी' मध्ये येतो. 'ए-बी' चं तिकीट काढून तिकडे निघालेल्या प्रवाशाला तपासनीसाने धरलं, तर ६० युरो दंड. एक तुटक रेघ ओढली असती, तर भागलं असतं. ट्रामचे मार्गही गाळले आहेत. पश्चिम बर्लिनने १९६७ मध्ये ट्राम बंद केली, पण पूर्वेकडच्या भागात ट्रामवाचून पान हलत नाही.

सर्वांत गैरसोयीची आहे ती सूची. १९२० मध्ये ८ शहरं, ५९ गावं आणि २७ जमीनदारी इलाखे एकत्र करून आजचं मोठं बर्लिन झालं. त्यांतल्या अनेकांचा आपापला 'हाउप्टश्ट्रासं', म्हणजे मुख्य रस्ता, होताच. त्यामुळे एकच नाव शहरात अनेक ठिकाणी आहे. तुमच्या सूचीत ते एकदाच येतं, पुढे नकाशातली एकच चौकट आणि उपनगराचं नाव नाही. घरक्रमांक नसणंही इथे महागात पडतं. कुरफ्युर्स्टेनडामवर क्रमांक एका बाजूने चढत जातात आणि दुसऱ्या बाजूने परत येतात, त्यामुळे ११ च्या जवळपास समोर २३७ सापडतो. एका बाजूला सम, दुसरीकडे विषम हा हिशेब इथे चालत नाही. चौकाचौकाला क्रमांक छापल्याशिवाय पत्ता लागत नाही. वर स्थळांची नावं फक्त भाषांतरित. संग्रहालयांच्या बेटाचंच घ्या : पाटीवर 'मुझेउम्सइन्झेल' आणि नकाशात 'म्युझियम आयलंड'. फलाटावर उभ्या माणसाने ताळमेळ कसा लावायचा?

कागद पुढून-मागून वापरला याला हरकत नाही. पण पश्चिम भाग पुढे, पूर्व भाग मागे आणि काप नेमका फ्रीडरिखश्ट्रासंवर! दोन्ही बाजूंना निदान २ सेंमी भाग सामाईक ठेवायचा असतो. आडव्या-उभ्या घड्या जिथे छेदतात, तिथे चार-पाच वेळा उघडमीट केल्यावरच शाई उडून पांढरे ठिपके पडले आहेत. असा एक ठिपका थेट संग्रहालयांच्या बेटावर आहे (फोटो ३).

सहाही प्रती परत घेऊन पाठवणीच्या खर्चासह पूर्ण रक्कम १५ दिवसांत परत करावी. याच छपाईच्या बदली प्रती पाठवू नयेत. विक्रीच्या पानावर खरं प्रमाण, माहिती कधीपर्यंतची आहे ते आणि पूर्ण उघडलेल्या नकाशाचा फोटो द्यावा. उरलेल्या साठ्यावर निदान प्रमाणाची दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवावी. मुदतीत उत्तर न आल्यास ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागावी लागेल.

कळावे,
एक ग्राहक

सोबत : पावतीची प्रत, फोटो ५