पौर्णिमा मोजायची तर सण वगळून मोजा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘पौर्णिमेला कॅज्युअल्टी भरते’ हे रुग्णालयांत फार खात्रीने बोललं जातं. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात चार वर्षांतल्या १,५०,९९९ रुग्णनोंदी आणि ४९ पौर्णिमा तपासल्या होत्या. एकूण रुग्ण, रुग्णवाहिकेच्या फेऱ्या, दाखल झालेले रुग्ण, कशातही फरक सापडला नाही.

पुण्यात मात्र रजिस्टर नुसतं चाळलं तर फरक दिसेलही, कारण आपले सण तिथीने येतात. अनंत चतुर्दशीची मिरवणूक पौर्णिमा लागली तरी रस्त्यावर असते. होळी आणि कोजागरी पौर्णिमेचीच. अमावास्येकडे गटारी आणि लक्ष्मीपूजनाचे फटाके. तळपायात काच घुसलेला किंवा फटाक्याने हात भाजलेला रुग्ण सणामुळे आलेला असतो, चंद्रामुळे नव्हे.

म्हणून मोजणी नीट हवी. तीन वर्षांत साधारण ३७ पौर्णिमा येतात. त्यांतल्या होळी, भाद्रपद आणि कोजागरीच्या नऊ वगळल्या की २८ उरतात. रात्री ८ ते सकाळी ८ ही एकच रात्र धरावी. रजिस्टरची तारीख बाराला बदलते आणि रात्रीचे दोन तुकडे होतात, तिथेच पहिली चूक होते. दुसरी चूक कॅलेंडरमुळे. चौकटीत सूर्योदयाची तिथी छापतात, त्यामुळे पूर्ण चंद्राची रात्र पुष्कळदा ‘चतुर्दशी’च्या चौकटीत असते. पंचांगातली पौर्णिमा संपायची वेळ पाहून त्याच्या सर्वांत जवळची रात्र घ्यावी.

तुलना त्याच वाराशी करावी, एक आठवडा आधी आणि एक नंतर. मोटारसायकल अपघातांवरच्या २०१७ च्या अभ्यासात असंच केलं होतं. आपल्याकडे भाद्रपदात आधीचा आठवडा गौरी-गणपतीत जातो, कोजागरीआधीचा नवरात्रात. या पौर्णिमा मुळातून वगळायच्या त्या यासाठीही.

रात्रीला सरासरी ६० रुग्ण येत असतील तर ४५ ते ७५ हा चढउतार निव्वळ योगायोगाचा. २८ रात्रींच्या सरासरीतही तीन-चार रुग्णांच्या फरकाला अर्थ नाही. पंचमीला ७५ आले तर कुणाच्या लक्षात राहत नाही, पौर्णिमेला आले की वर्षभर सांगितलं जातं.

ड्यूटी लावणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे. विसर्जनाच्या रात्री टाके घालायला एक डॉक्टर आणि ड्रेसिंगला एक ब्रदर जास्त द्या. पौष पौर्णिमेला नेहमीची माणसं पुरतात.

– एक डॉक्टर वाचक, पुणे