गिरणगावाच्या निगेटिव्ह जपायला हव्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जागतिक छायाचित्रण दिनाच्या अंकात आपण गिरणगावाची कृष्णधवल छायाचित्रे छापलीत, याबद्दल मनापासून आभार. मात्र बहुतेक छायाचित्रांखाली 'गिरणगाव, जुने दिवस' एवढीच ओळ होती. गिरणी कोणती, तिच्यातले खाते (विभाग) कोणते, साल कोणते, फोटो कोणत्या रस्त्यावरून घेतला, याची नोंद नसेल तर पुढच्या पिढीला त्यातून धुरांड्यापलीकडे काही कळणार नाही.

या संदर्भात जर्मनीतील बर्न्ट आणि हिला बेखर या छायाचित्रकार दांपत्याची आठवण होते. बर्न्ट मूळचे चित्रकार. सीगेन परिसरातली एक खाण रेखाटत असताना तिचे पाडकाम सुरू झाले, हाताचा वेग पाडकामाला पुरेना, म्हणून त्यांनी कॅमेरा घेतला. १९५९ पासून दोघांनी मिळून जलकुंभ, लोखंड वितळवणाऱ्या झोतभट्ट्या, खाणींचे मनोरे यांची हजारो छायाचित्रे घेतली. तीही सावल्या पडू नयेत म्हणून ढगाळ दिवशी, मोठ्या कॅमेऱ्याने, अगदी समोरून. एकाच प्रकारच्या वास्तू शेजारी मांडल्या की प्रत्येकीचे वेगळेपण आपोआप दिसते. डॉर्टमुंडच्या त्सोलर्न खाणीचे यंत्रगृह १९६९ साली पाडण्यापासून वाचले, तेव्हा त्यासाठी आग्रह धरणाऱ्यांत हे दोघेही होते.

मुंबईत मात्र असे सलग काम झाले नाही. १८५४ साली ताडदेवला पहिल्या कापडगिरणीची पायाभरणी झाली. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. २००१ साली विकास नियंत्रण नियमावलीच्या, गिरण्यांच्या जमिनींविषयीच्या कलम ५८ मध्ये बदल झाले आणि त्यानंतर गिरण्यांची उत्तरेकडे काचा असलेली, करवतीच्या दातांसारखी छपरे भराभर उतरवली गेली. ती उतरवण्यापूर्वी प्रत्येक खात्याचे रीतसर छायाचित्रण करण्याची अट घालता आली असती, असे मला आजही वाटते.

माझ्या वडिलांनी साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, सत्तावीस वर्षे काढली. संपानंतर शेजाऱ्यांच्या कॅमेऱ्याने मी दोन कृष्णधवल रोल घेतले होते. त्याच काळातले घरातले रंगीत फोटो लालसर पडून चेहरे विरले आहेत; बटर पेपरात ठेवलेल्या निगेटिव्हच्या पट्ट्या मात्र खिडकीशी धरल्या की फाटकाची साखळी, तिचा गंज आणि मागच्या चिमणीच्या विटांचे थर अजून मोजता येतात. अशा पट्ट्या लालबाग-परळच्या कित्येक घरांत आणि बंद पडलेल्या स्टुडिओंत असणार. मुंबईच्या दमट हवेत त्यांवर बुरशी चढायला वेळ लागत नाही.

काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल क्रमांक २-३ च्या जागेवर वस्त्रोद्योग संग्रहालय उभारण्याची योजना आहे. तेथे यंत्रांबरोबर निगेटिव्हसाठी वातानुकूलित दालन असावे आणि जुने कामगार हयात आहेत तोवर त्यांना समोर बसवून प्रत्येक छायाचित्राची नोंद करून घ्यावी, ही विनंती. आपल्या वृत्तपत्राने वाचकांना आवाहन केल्यास सुरुवात लगेच होऊ शकेल.

माझे दोन्ही रोल मी द्यायला तयार आहे. खात्यात कॅमेरा नेण्याची मुभा नसल्याने वडील ज्या साच्यापाशी उभे राहत, त्या जागेचा एकही फोटो आमच्याकडे नाही. कुणाकडे असल्यास तो पाहायला मिळावा, एवढीच माझी इच्छा आहे.

आपला नम्र,
एक वाचक, परळ, मुंबई