सोळाव्या दिवसाची गोळी कुणाची?

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

राज्यातल्या एका महापालिकेच्या दवाखान्यांत औषध निर्माण अधिकारी म्हणून माझी सगळी नोकरी झाली. पदाचं नाव भारदस्त असलं तरी लोक कंपाउंडरच म्हणायचे, आणि मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

मागणी आधीच सांगून टाकतो. राज्यातल्या २९ महापालिकांच्या निवृत्त कर्मचाऱ्यांना बीपी, शुगर, हृदय, दमा, थायरॉइड अशी कायमची औषधं पालिकेच्याच दवाखान्यातून, तीन-तीन महिन्यांची एकदम मिळावीत. ऑपरेशन, विमा, कॅशलेस हे विषय मुद्दाम बाजूला ठेवतो. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत.

शासन म्हाताऱ्यांचा विचार करतं तेव्हा त्यांना आधी खाटेवर झोपवतं. २९ ऑक्टोबर २०२४ला सत्तरीपुढच्या सर्वांना आयुष्मान भारतचं ५ लाखांचं संरक्षण मिळालं. चांगलं झालं. पण ते दाखल झाल्यावर. घरी सोडल्यानंतर १५ दिवसांची औषधं त्यात बसतात. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाला रक्त पातळ ठेवण्याची गोळी महिनोन्महिने लागते, अ‍ॅस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची तर बहुधा जन्मभर. मग सोळाव्या दिवशीची गोळी कुणाची? महात्मा फुले योजनेचाही सगळा हिशेब खाटेभोवतीच फिरतो. मुंबई महापालिकेने २०१५मध्ये गटविमा आणला, २०१७मध्ये तो बंद पडला. गटविमे असेच येतात आणि जातात. रोजची गोळी मात्र सुटत नाही.

पोस्टातून निवृत्त झालेल्या माणसाकडे सीजीएचएसचं, म्हणजे केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचं, कार्ड असलं, तर त्याला जुनाट आजाराची औषधं एका वेळी तीन महिन्यांपर्यंतची मिळू शकतात. जिथे सीजीएचएस नाही, तिथल्या केंद्रीय निवृत्तांसाठी महिना १,००० रुपये वैद्यकीय भत्त्याची सोय आहे. त्याच चाळीत राहणारा पालिकेचा निवृत्त चावीवाला, ज्याने तीस वर्षं पहाटे व्हॉल्व्ह उघडून त्या चाळीला पाणी सोडलं, तो मेडिकलच्या काउंटरवर पाचशेची नोट मोडतो. दोघांनीही सरकारी चाकरीच केली ना?

पुणे महापालिकेची अंशदायी वैद्यकीय योजना, जिच्यात कर्मचारीही वर्गणी भरतात, या बाबतीत उजवी आहे. ती निवृत्तांनाही सामावून घेते आणि बिलाचा ९० टक्के भार पालिका उचलते. तिथल्या कामगार संघटना ती योजना का जपतात, हे इतर शहरांतल्या निवृत्तांना विचारा.

औषधांच्या किमतींबद्दल थोडक्यात. अत्यावश्यक यादीतल्या औषधांच्या कमाल किमतीत एप्रिल २०२२मध्ये १०.७६ टक्के आणि एप्रिल २०२३मध्ये १२.१२ टक्के वाढीला मुभा मिळाली. दोन्ही मिळून जवळपास २४ टक्के. पुढची दोन वर्षं वाढ नगण्य होती हे खरं, पण एकदा वाढलेली किंमत खाली कशाला येईल! त्यावर निवृत्तांनी आपापला उपाय काढलेला असतो. दमेकरी पंप पुरवून वापरतात. बीपीची गोळी एक दिवसाआड घेतात. झाडू खात्यात आयुष्यभर धूळ गिळलेली बाई पंप पुरवून वापरते, तेव्हा ती आमच्याच खात्याने दिलेला आजार स्वतःच्या पेन्शनमधून पोसत असते. एक दिवसाआड घेतलेल्या गोळीचा शेवट पुष्कळदा लकव्यात होतो, आणि मग येते ती खाट, जिच्यासाठी आपल्याकडे पाच लाख तयार आहेत.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. दवाखान्यातल्या खरेदीची खरी डोकेदुखी म्हणजे अंदाज. पावसाळ्यात तापाचे रुग्ण किती येतील, गॅस्ट्रोची साथ येईल का, हे कुणाला ठाऊक? म्हणून इंडेंट, म्हणजे औषधांचं मागणीपत्र, चुकतं. एका औषधाचा साठा संपतो, दुसऱ्याची मुदत कपाटातच संपते आणि खिडकीवर आम्ही ‘बाहेरून घ्या’ म्हणतो. निवृत्तांचं तसं नाही. त्यांची यादी पेन्शन विभागात तयार आहे. शुगरसाठी मेटफॉर्मिन घेणारा माणूस पुढच्या महिन्यातही मेटफॉर्मिनच घेणार. इतकं सोपं इंडेंट दुसरं नाही. त्यात पालिका दरकराराने घाऊक घेते, तेव्हा पडणारा भाव आणि स्ट्रिपवर छापलेली किंमत यांतलं अंतर मी उभा जन्म पाहिलं आहे. मार्च २०२५मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपलं आणि साठ रुपयांच्या घरातली ही शुगरची गोळी इतर कंपन्यांकडून दहा रुपयांच्या आसपास मिळू लागली. किरकोळीत हा फरक, तर निविदेत किती पडेल?

‘पालिकेचे दवाखाने सगळ्यांनाच खुले आहेत, निवृत्तांनी तिथे यावं’ असं उत्तर येईल, म्हणून आधीच सांगतो. येतात. आठवड्याच्या गोळ्यांसाठी दर आठवड्याला केसपेपर, रांग, आणि पाचपैकी दोन औषधं शिल्लक. गुडघे गेलेला माणूस दोन फेऱ्यांनंतर यायचा थांबतो. जनऔषधी केंद्राचा सल्ला मीही सर्रास देतो. पण तिथे सगळं नेहमी मिळतं असं नाही, आणि कंपनीचं नाव पाहिल्याशिवाय विश्वास न ठेवणाऱ्या पिढीला समजवायला खिडकीवर माणूस लागतो. त्यासाठी औषध निर्माण अधिकाऱ्यांची रिक्त पदं भरावी लागतील. हा खर्च मी लपवत नाही.

आपण एक शासन निर्णय काढावा. दर नोव्हेंबरला आम्ही हयातीचा दाखला द्यायला जातोच. त्याच वेळी पालिकेच्या डॉक्टरने बीपी, शुगर तपासून वर्षभराची औषधं एका पुस्तिकेत लिहावीत, आणि नोंदवलेल्या दवाखान्यात ती निवृत्तांच्या नावे वेगळी मागवावीत. दर तिमाहीला नातवानेही पुस्तिका दाखवून घेऊन जावीत. इन्सुलिनला फ्रिज लागतो, तिथे महिन्याचीच द्या. औषध शिल्लक नसेल तर ‘बाहेरून घ्या’ म्हणण्याऐवजी दवाखान्याने स्थानिक खरेदी करावी. १ नोव्हेंबर २००५नंतर लागलेल्यांना आमच्यासारखी पेन्शन नाही. त्यांना या पुस्तिकेतून वगळू नका, त्यांना तर ती आमच्याहून जास्त लागेल.

सगळी औषधं पहिल्याच वर्षी नकोत. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल आणि दम्याचा पंप, एवढ्यापासून सुरुवात करा. हव्या त्या दोन महापालिका निवडा, एक मोठी आणि एक नवी, म्हणजे इचलकरंजी किंवा जालन्यासारखी. औषधांची अनुसूची, इंडेंटचा नमुना, पुस्तिकेचा मसुदा मी आणि माझे निवृत्त सहकारी विनामोबदला करून देऊ.

आपला,
एक निवृत्त औषध निर्माण अधिकारी