शिंगराला घोड्यासारखे वाढवणाऱ्या मामांस

तीर्थस्वरूप मामांस शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचा मेंढरांचा वाडा, म्हणजे कळप आणि बिऱ्हाडाचा तळ, सध्या कोकणात कुणाच्या तरी शेतात बसलेला असेल आणि हे पत्र तुमचा नातू मोबाईलवर वाचून दाखवील, अशी अपेक्षा आहे. सर्वांसमोर लिहिण्याचे कारण एवढेच, की आमच्या बारामती-इंदापूरकडे हौसेने घोडी पाळणारे पुष्कळ आहेत, पण घोडी व्याल्यावर दगावली तर मागे राहिलेल्या शिंगराचे काय करायचे, हे त्यांतल्या थोड्यांनाच ठाऊक असते.

आमची घोडी नवरात्रात व्याली आणि पोटात रक्तस्राव होऊन पहाटेच गेली. उतारवयातल्या घोडीला कधी कधी असे होते, हे डॉक्टरांनी नंतर समजावले. शेजारच्या बाजरीच्या रानातून तुम्ही आलात, शिंगरू स्वतःच्या पायावर उभे आहे हे पाहिलेत आणि आधी कोमट पाणी व तांब्या मागितलात. घोडीचे अंग गार होण्याच्या आत तिची कास धुऊन, दोन्ही सड चिमटीत धरून तुम्ही चीक काढू लागलात, तेव्हा घरातल्या बायकांनी तोंड फिरवले होते. पिवळा, मधासारखा चिकट असा तो चीक तुम्ही पंच्याच्या टोकातून गाळलात आणि कोकरांना पाजायच्या बाटलीत भरलात. तासातासाने थोडा थोडा करून दुपारपर्यंत तो सगळा शिंगराच्या पोटात गेला होता. नाळेला औषध लावायला आणि धनुर्वाताचे इंजेक्शन द्यायला डॉक्टर आले, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न चिकाचाच विचारला. घोडीच्या वारेतून रोगप्रतिकारक द्रव्ये गर्भापर्यंत जवळजवळ पोहोचतच नाहीत. ती चिकातूनच मिळावी लागतात, आणि पहिल्या बारा तासांनंतर शिंगराचे आतडे ती झपाट्याने कमी शोषू लागते, चोवीस तासांनी तर जवळजवळ नाहीच, असे त्यांनी सांगितले. तुम्हाला यातले शास्त्र कोणी शिकवले होते की नाही, हे मी विचारले नाही. त्या वेळी तुम्ही जे केलेत त्याला दुसरा पर्याय नव्हता, एवढे मात्र मला आता समजते.

त्यानंतर प्रश्न दुधाचा. गावातून म्हशीचे दूध प्रेमाने आले होते, ते तुम्ही तितक्याच प्रेमाने परत पाठवलेत. घोडीचे दूध पातळ आणि गोड असते. त्यात स्निग्धांश जेमतेम दीड-दोन टक्के आणि दुग्धशर्करा सहा टक्क्यांच्या वर, तर म्हशीच्या दुधात स्निग्धांशच सहा-सात टक्के. तुमच्या कळपातल्या दुभत्या शेळ्यांचे दूध शिंगराला मानवले. ते पुरेना तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने गाईचे साय काढलेले दूध लिटरमागे सुमारे वीस ग्रॅम ग्लुकोज घालून सुरू केले. साखर घालायची नाही, कारण तान्ह्या शिंगराला ती पचत नाही आणि हगवण लागते. पहिल्या दिवशी वजनाच्या दहाव्या हिश्शाइतके दूध, मग हळूहळू वाढवत दहाएक दिवसांत वजनाच्या पाव हिश्शाच्या जवळपास, असे प्रमाण होते. आमचे शिंगरू तिसेक किलोचे, म्हणजे दिवसाला तीन लिटरपासून सात लिटरपर्यंत मजल गेली. आईजवळ असलेले शिंगरू तासातून कितीतरी वेळा कासेला तोंड लावते, हे लक्षात घेतले म्हणजे रात्रभर आळीपाळीने जागण्याची तक्रार करायला जागा उरत नाही.

बाटली कशी धरायची, याचा तुमचा आग्रह मी मुद्दाम इथे नोंदवतो. शिंगरू उभे असले पाहिजे, मान पुढे ताणलेली आणि बाटली घोडीच्या कासेच्या उंचीवर. वर धरली की दूध श्वासनलिकेत जाते आणि फुप्फुसाला सूज येते. बाटलीही चार दिवसच. पुढे बोटाला दूध लावून, ते बोट चोखता चोखता त्याचे तोंड पसरट घमेल्यात उतरवून तुम्ही त्याला भांड्यातून प्यायला शिकवलेत आणि बाटली काढून घेतलीत. आमच्या मुलांना हे अजिबात रुचले नाही. ती त्याच्या गळ्यात पडत, ते त्यांच्या खांद्यावर पुढचे पाय टाकू पाही. "आत्ता ग्वाड वाटतंय, वर्साभरानं ह्येच छातीवर पाय दील," असे म्हणून तुम्ही मुलांना गोठ्याबाहेर काढलेत.

खरे आभार मला याच गोष्टीचे मानायचे आहेत. दूध कसे पाजायचे हे डॉक्टरांनीही शिकवले असते. दिवाळीनंतर घाट उतरताना मात्र तुम्ही तुमची म्हातारी घोडी आमच्याकडे ठेवून गेलात. वर्षानुवर्षे बिऱ्हाड वाहिलेली ती भीमथडी जातीची घोडी यंदा घाट झेपणार नाही, असे तुम्ही कारण दिलेत. ते निम्मे खरे होते, असे मला वाटते. आधी मध्ये कुंपण ठेवले, मग डॉक्टरांनी तिला जंताचे औषध दिल्यावर दोघांना एकत्र सोडले. पहिल्याच दिवशी शिंगरू तिच्या अंगावर उड्या मारायला गेले, तिने कान मागे पाडून त्याच्या पुठ्ठ्याला चावा घेतला, आणि ते मान लांब करून, ओठ ताणून, जबडा टकटक उघडमीट करू लागले. लहान शिंगरे मोठ्या घोड्यापुढे अशीच शरणागती पत्करतात. आमच्यापुढे ते कधी तसे वागले नव्हते. तिची ताजी लीद ते खाई, तेही तुमच्या सांगण्यावरून चालू दिले. पचनाला लागणारे सूक्ष्मजीव शिंगराला असेच मिळतात, याला डॉक्टरांनी दुजोरा दिला. लसूणघास हुंगायला आणि भरडलेला दाणा चघळायलाही ते तिच्या शेजारी उभे राहूनच शिकले. चौथ्या महिन्यात दूध पूर्ण बंद केले.

शिंगरू आता मोरखी घालू देते, खूर उचलू देते, पण खिसे हुंगत मागे येत नाही. घोडीची प्रकृती ठीक आहे. दाढा झिजल्यामुळे तिला दाणा भिजवून देतो. तुम्ही ठेवलेल्या दोन शेळ्यांपैकी एक नुकतीच व्याली असून दोन्ही करडे तुमची आहेत. पावसाआधी घाट चढून याल तेव्हा वाडा आमच्याच रानात बसवावा. ऊस तुटून जमीन मोकळी ठेवली आहे.

तुमचा नम्र,
बाजरीच्या रानाशेजारचा